नवऱ्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचं आहे. आत नक्की काय करतात? आधी घरीच कोंडून बघावं, की न सांगता गाडी बोलावून न्यावं?

ताई, कोंडू नका आणि न सांगता नेऊही नका. तुम्ही लिहिलेली ही दोन्ही वाक्यं मी माझ्या जेठांच्या तोंडून ऐकलेली आहेत, म्हणून उत्तर जरा लांबेल.

आम्ही अमळनेर-पारोळ्याकडचे. कापूस विकला की यांच्या हातात रोकड आणि पाय गुत्त्याकडे, हे लग्नापासूनचंच. पण त्या वर्षी सकाळीच लागायला लागली. चहाचा कप धरवेना, क्वार्टर पोटात गेली की हात स्थिर. जेठांनी फर्मान काढलं, "त्याले दोन दिन कोंडी ठेवा, उतरी जाई." मी म्हटलं आधी डॉक्टरला विचारू. मला चुलीकडे बघायला सांगितलं. कापसाच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. आधी घाम, उलट्या, शिव्या. जेठ खूश, म्हणे विष निघतंय. मग रात्री यांना भिंतीवर साप दिसायला लागले, वारलेल्या आईशी बोलणं सुरू झालं, आणि पहाटे झटका आला. दातखीळ बसली, जीभ चावली गेली, तोंडातून रक्त. शेजाऱ्यांच्या गाडीत घालून धुळ्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जेठांना वॉर्डात सगळ्यांसमोर जे सुनावलं ते मी शब्दन् शब्द पाठ केलंय.

त्यांनी सांगितलं ते असं. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. त्यानंतर, साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान, साप-मुंग्या दिसण्याचा तो भ्रम होऊ शकतो आणि त्यात माणूस दगावतोही. त्यावर लिब्रियमसारख्या गोळ्या असतात, त्या रोज थोड्या थोड्या कमी करत नेतात, आणि बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात. म्हणून केंद्राला फोन कराल तेव्हा पहिला प्रश्न फीचा नको. रात्री दोनला झटका आला तर डॉक्टर कोण, कुठून येणार, हे विचारा. उत्तर देताना अडखळले तर फोन ठेवा.

आत काय करतात? पहिला आठवडा बहुतेक औषधं आणि झोप. मग दिवस घंटेवर चालतो: पहाटे उठणं, प्रार्थना, योगा, झाडलोट, स्वयंपाकात पाळी, समुपदेशकाशी एकट्याने बोलणं आणि गटात बसून आपली गोष्ट सांगणं. मोबाइल आणि पैसे दारातच काढून घेतात, भेटी ठरलेल्या दिवशी. आमचे हे गटात कितीतरी दिवस गप्पच बसले. बायकोसमोर न रडणारा माणूस पंचवीस अनोळखी पुरुषांत रडला, हे मला समुपदेशकाने सांगितलं. बरं वाटलं आणि थोडा रागही आला. मुक्कामाचं म्हणाल तर पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे, तिथे ३५ दिवसांचा कार्यक्रम असतो. इतर ठिकाणी कमी-जास्त.

आता गाडीचं. दवाखान्यानंतरही जेठांची हौस फिटली नव्हती. कुणीतरी नंबर दिला होता, रात्री चार माणसं येऊन उचलून नेतात. मी तो कागद फाडला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूचं व्यसनही येतं. मर्जीविरुद्ध ठेवायचं तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं आणि तेही आधी ३० दिवसांपर्यंतच. साखळीने बांधणं तर सरळ बेकायदा. उचलून नेणारे यातलं काही करत नाहीत. यांनी स्वतः सही केली. कशी केली? झटक्याची भीती ताजी होती तेव्हाच मी विषय काढला. तुम्हीही असाच एखादा दिवस हेरा, प्यायलेल्या माणसाशी बोलून उपयोग नाही. आणि भाजीत कालवायची गुपचूप औषधं मिळतात, ती आणू नका. त्यात डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवायला देतात ते औषध, असलं आणि माणूस वरून प्यायला तर जीवावर बेतू शकतं. डॉक्टर ते देतात, पण माणसाला सांगून.

केंद्रात घरच्यांनाही बैठकीला बोलावतात. जेठ म्हणाले, "व्यसन त्याले, आमले कशाले बलावतस?" आले नाहीत. मी एकटी एसटीने जायचे. हे घरी आले आणि पुतणीच्या हळदीत त्याच जेठांनी ग्लास पुढे केला, आता बरा झालास, एकाने काय होतं म्हणे. त्या एकाने पुन्हा सुरू झालं, पुन्हा केंद्रात जावं लागलं. आज हे पीत नाहीत, आणि जेठ पाहुण्यांना सांगतात की पहिल्या वेळचे पैसे पाण्यात गेले. पाण्यात नाही, तुमच्या ग्लासात गेले. बैठकीला बसले असते तर कळलं असतं की बाहेर आल्यावरचे पहिले काही महिनेच सगळ्यात घसरडे असतात. तुमच्याकडे असं कुणी असेल तर त्याला ओढत बैठकीला न्या. नाही आला तर लग्नंकार्यं टाळा, लोक बोलले तर बोलू द्या. पिकाचे पैसे तुमच्या खात्यावर घ्या. मी घेते, त्यावरून जेठांनी बोलणं टाकलंय आणि माझं काही अडलेलं नाही.

हे सगळं दारूचं. तुमच्या नवऱ्याला गोळ्यांचं किंवा गर्दचं व्यसन असेल तर औषधं वेगळी असतात, तिथे माझं ऐकू नका. फी केंद्रागणिक बदलते. जवळचं केंद्र विचारायला सरकारची १४४४६ ही फुकट हेल्पलाइन आहे. जाताना जुने रिपोर्ट, साखर-बीपीच्या गोळ्या आणि डॉक्टरची चिठ्ठी न्या. कपड्यांत तंबाखूची पुडी राहिली नाही ना ते बघा, झडती घेतात.