लेंडीखत खरंच सरस?

प्रश्न : उन्हाळ कांद्याला पाच गुंठ्यांत शेणखत घातलं, पाच गुंठ्यांत लेंडीखत. गुंठ्याला सरासरी 224 आणि 235 किलो कांदा निघाला. म्हणजे लेंडीखत सरस ना, सर?

उत्तर : दादा, दहाही गुंठ्यांची वेगवेगळी वजनं पाठवलीत, हे फार बरं केलंत. नुसत्या सरासरीवर मी बोललोच नसतो. शेणखताचा एक गुंठा 195 वर अडला, दुसरा 250 वर गेला. खत एकच, तरी 55 किलोंची तफावत! तिच्यापुढे 11 किलो ते किती?

आधी दोन्ही खतं सारखीच असं धरायचं. ही शून्य परिकल्पना. मग फरकाला त्याच्या प्रमाण त्रुटीने, म्हणजे नुसत्या योगायोगाने तो साधारण किती हलू शकतो त्या मापाने, भागायचं. काल रात्री वहीत मांडलं : 11 भागिले 12.9, जेमतेम 0.85. पाच टक्के पातळीला, म्हणजे खतं सारखीच असताना योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता शंभरात पाचच उरावी म्हणून, तुमच्या दहा गुंठ्यांसाठी हे उत्तर 2.31 च्या वर हवं. तेवढं ते नाही, म्हणजे हा फरक योगायोगाचाही असू शकतो. ही टी-चाचणी डब्लिनला गिनेसच्या बिअर कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी 1908 मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने मांडली. त्यांच्याही हाताशी थोडेच नमुने असत.

लेंडीखत कुचकामी, असं मात्र यातून ठरत नाही. पुढच्या हंगामात शेजारशेजारच्या वाफ्यांच्या जोड्या लावा, कुठल्याला कोणतं खत ते नाणं उडवून ठरवा, आणि वजनं मला नक्की पाठवा.