दिवसभर खुर्चीत बसून काम असेल, तर तिशीतच प्रोस्टेटचा त्रास होतो का?

नुसत्या बसण्याने प्रोस्टेट वाढत नाही. पुरुषांच्या मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ही ग्रंथी वाढून लघवीला अडथळा येतो तो बहुधा पन्नाशीनंतर. तिशीत जास्त आढळतो तो प्रोस्टेटायटिस, म्हणजे या ग्रंथीची सूज किंवा दुखणं, आणि त्यातही बहुतेकदा जंतू सापडतच नाहीत. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आवळलेले राहणं, ताण, बद्धकोष्ठता यांनी दुखणं रेंगाळतं. म्हणून तासाभराने उठून चाला, लघवी दाबून ठेवू नका. जळजळ होत असेल तर चहा-कॉफी, दारू, जास्त तिखट काही दिवस कमी करून बघा. दुखणं लांबलं तर या स्नायूंची फिजिओथेरपी खरंच उपयोगी पडते. आपल्याकडे ती फार कमी जण करून घेतात, याचं वाईट वाटतं.

हस्तमैथुनाने प्रोस्टेट खराब होतं, ही भीती मात्र काढून टाका. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या मोठ्या अभ्यासात वारंवार वीर्यस्खलन होणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटच्या कर्करोगाचं प्रमाण उलट कमी दिसलं.

थंडी वाजून ताप, लघवीत रक्त किंवा लघवी तुंबणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मनाने घेऊ नका.