पाकीटबंद चीज स्टिकमध्ये किती पोषण असते?
मधल्या वेळी खाल्ल्या जाणाऱ्या चीज स्टिकमधून नेमके काय मिळते, असे आपण विचारले आहे. मोझरेलाच्या साधारण 28 ग्रॅमच्या एका स्टिकमध्ये सुमारे 80 किलोकॅलरी, 6 ते 7 ग्रॅम प्रथिने, 5 ते 6 ग्रॅम स्निग्धांश आणि जवळपास 200 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दुधातील बहुतेक लॅक्टोज, म्हणजे दुधातली नैसर्गिक साखर, चीज बनवताना वेगळ्या होणाऱ्या पाण्याबरोबर (निवळीबरोबर) निघून जात असल्याने कर्बोदके अगदी थोडी उरतात. माझ्या मते खरे लक्ष मिठाकडे द्यायला हवे, कारण एका स्टिकमध्ये साधारण 200 मिलिग्रॅम सोडियम असते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसभरात 2000 मिलिग्रॅमपेक्षा कमीच घ्यावे. वेष्टनावरील आकडे एका स्टिकचे आहेत की 100 ग्रॅमचे, हे मात्र आधी तपासावे.