तिकालला एक दिवस पुरेल का?

ग्वाटेमालातलं माया लोकांचं प्राचीन शहर तिकाल, जवळच्या फ्लोरेस गावाहून एका दिवसात बघून यावं की तिथे मुक्काम करावा, असं तुम्ही विचारलंय. मुक्काम करा. रस्ता दीड-एक तासाचाच आहे, पण सकाळची गाडी पोचेपर्यंत ऊन चढतं आणि मग सगळं लक्ष परतीच्या वेळेकडे लागतं. हे अवशेष ज्या राष्ट्रीय उद्यानात आहेत त्याच्या आतच राहायची सोय आहे. मी दोन रात्री राहिले.

पहाटे चार नंबरच्या देवळावर जा (तिकीट वेगळं असतं, आदल्या दिवशीच काढून ठेवा). सुमारे ६५ मीटर उंच आहे, चढायला लाकडी जिना केलाय. मी गेले तेव्हा दाट धुकं होतं, सूर्योदय काही दिसला नाही. पण अंधारातच खालच्या रानातून हाउलर माकडं ओरडू लागली, आणि तो आवाज छातीत घुमत राहिला. धुकं विरलं तशी बाकीच्या देवळांची टोकं एकेक करून झाडांच्या वर आली. त्यातलं एक नंबरचं म्हणजे हसाव चान काविल या राजाचं. त्याची कबर या देवळाच्याच पोटात सापडली. त्यावर चढू देत नाहीत.

आता खरं सांगायचंय ते पाण्याबद्दल. इथे नदी नाही. हजारो माणसांचं शहर, आणि पाणी फक्त पावसाचं! म्हणून त्यांनी चौक, अंगणं चुन्याच्या गिलाव्याने पक्की केली, त्यांना उतार दिला आणि पडलेला प्रत्येक थेंब तलावांत नेला. आमच्या गावाला उन्हाळ्यात टँकर येतो, त्यामुळे असेल, पण मी देवळांइतकीच या तलावांपाशी रमले. सेंट्रल ॲक्रोपोलिसच्या, म्हणजे राजवाड्यांच्या समूहाच्या, दक्षिण कडेला उभं राहिलात की खाली झाडांनी भरलेला मोठा खड्डा दिसतो. तोच राजवाड्याचा तलाव. गाइड बहुतेक तिथे थांबत नाहीत, तुम्ही थांबा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात याच तलावाच्या गाळात पारा सापडला. भिंती रंगवायच्या लाल हिंगुळातून (त्यात पारा असतो) तो पावसाबरोबर उतरला असावा, असं संशोधकांना वाटतं. कोरिएंताल नावाच्या दुसऱ्या तलावात मात्र झिओलाइट (पाण्यातली घाण शोषून घेणारं खनिज) आणि स्फटिकाची वाळू मिळाली. म्हणजे ते पाणी गाळून घेत होते, आणि तेही दोन हजार वर्षांपूर्वी.

देवळांच्या दारांवरच्या तुळयाही नीट बघा. चिकूच्या लाकडाच्या आहेत. हो, आपल्या डहाणू-घोलवडचा चिकू मूळचा तिकडचाच. चार नंबरच्या देवळातल्या कोरीव तुळया मात्र आता स्वित्झर्लंडमध्ये, बाझेलच्या संग्रहालयात आहेत. त्या जागेवर नाहीत याची मला फार हळहळ वाटली.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पाऊस कमी असतो, पायवाटा कोरड्या मिळतात. चालणं भरपूर आहे, प्यायचं पाणी माणशी दोन-तीन लिटर तरी बरोबर घ्या.