क्रीमी चिकन कॅसरोलसोबत काय वाढावं?

कॅसरोल म्हणजे सॉससकट ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ; या चिकनच्या कॅसरोलमध्ये क्रीम, बटर, चीज आधीच असतं. म्हणून सोबत आंबट, कुरकुरीत आणि हिरवं हवं. नवखे नेमके मॅश बटाटे आणि चीजवाला गार्लिक ब्रेड करतात आणि चार घासांत ताट जड होतं.

पहिली निवड फरसबीची. चौघांना पाव किलो पुरते. उकळत्या मिठाच्या पाण्यात तीन-चार मिनिटं, झाकण न ठेवता; झाकलं की रंग काळपट पडतो. लगेच गार पाण्यात टाका, पूर्ण निथळा. ओली राहिली तर पाणी सॉसमध्ये उतरून तो फुटल्यासारखा दिसतो. वाढताना चमचाभर बटरवर ठेचलेला लसूण परतून फरसबी त्यात घोळवा. लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळा, नाहीतर पुन्हा रंग जातो.

कोशिंबिरीत दही नको, पांढऱ्यावर पांढरं होतं. काकडी, पातळ कांदा, महाबळेश्वरी गाजर, लिंबू, मिरपूड. हंगामात सांगलीची द्राक्षं अर्धी कापून घाला, थोडी आंबटसर असली तर उत्तमच. मीठ मात्र अगदी वाढताना. आधी घातलं की पाणी सुटतं.

सॉस टिपायला बेकरीचा पाव तव्यावर कोरडा भाजा. भात हवाच तर कोलम, मोकळा. इंद्रायणी चिकट, क्रीमसोबत गोळा होतो. कॅसरोलमध्येच बटाटा किंवा पास्ता असेल तर भात-पाव दोन्ही वगळा.

आणि कांदा-लसूण मसाल्याची चटणी ताटात नकोच. सातारकरांना पटणार नाही, पण तिच्यापुढे क्रीमची चवच लागत नाही.