यंत्र म्हणतं छाती ठीक आहे, मग तपासणी कशाला?

प्रश्न : आई ६२ वर्षांची आहे. बरेच महिने कोरडा खोकला आहे, जिना चढताना धाप लागते. मुलाने फोनला जोडायचा डिजिटल स्टेथोस्कोप आणला. त्याचं ॲप दर वेळी ‘आवाज सामान्य’ दाखवतं. डॉक्टरांनी स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी) आणि एक्स-रे सांगितलाय, पण आई म्हणते, आता गरज काय? – एक वाचक

उत्तर : ताई, दोन्ही तपासण्या करून घ्या, याच आठवड्यात.

आधी मला सांगा, स्टेथोस्कोप कुठे लावला होता? घरी तो बहुधा समोरून लावतात, तोही कपड्यावरून. फुफ्फुसात वण पडत जाण्याचा एक आजार आहे, फायब्रोसिस. त्यातली बारीक चुरचुर पाठीला, अगदी खालच्या भागात, खोल श्वास घेताना शेवटी शेवटी येते. वेल्क्रोची पट्टी सोडवल्यासारखी. कोरडा खोकला आणि चढताना धाप, असं कुणी सांगितलं की मी आधी तिथे कान लावतो. आईंना तोच आजार आहे असं मी म्हणत नाही. पण ती जागा ऐकलीच नसेल, तर ॲपचा निर्वाळा अर्ध्या छातीपुरताच आहे.

संगणकाने छातीचे आवाज तपासायचं हे तंत्र मला मनापासून आवडतं. स्टेथोस्कोप शोधणारे फ्रेंच डॉक्टर लेनेक यांनी १८१६ साली कागदाची गुंडाळी छातीला लावली, तेव्हापासून एक अडचण राहिली : एका डॉक्टरला ऐकू आलेलं दुसऱ्याला दाखवता येत नाही. संगणक त्या आवाजाचा आलेख काढतो. दम्याची शिट्टी त्यात लांब आडव्या रेघांसारखी उमटते. चुरचुरीचा एकेक आवाज मात्र २० मिलिसेकंदांहूनही छोटा. कानातून निसटेल, यंत्र तो मोजतं.

पण यंत्राला शिकवायला आवाज फार थोडे आहेत. संशोधक ज्यावर खूप काम करतात तो २०१७चा खुला संग्रह पोर्तुगाल आणि ग्रीसमध्ये जमवलेला : १२६ जणांची ९२० ध्वनिमुद्रणं, सगळी मिळून जेमतेम साडेपाच तास. त्यात एकाच रुग्णाचे आवाज शिकवतानाही वापरले आणि परीक्षा घेतानाही, तर यंत्र आजाराऐवजी तो माणूसच ओळखू लागतं आणि अचूकतेचा आकडा फुगतो. मोठी टक्केवारी दिसली की मी आधी हेच तपासतो.

शिवाय आवाज नाही म्हणून आजार नाही, असं छातीच्या बाबतीत धरता येत नाही. दम्याच्या फार तीव्र झटक्यात हवा इतकी कमी हलते की शिट्टीसुद्धा बंद पडते. अशी गप्प छाती हाताशी आली की आमची धावपळ उडते. एम्फिसीमात, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या खराब होण्याच्या आजारातही, श्वासाचा आवाज मंद होतो. म्हणून स्पायरोमेट्री हवी : एकूण किती हवा बाहेर टाकता येते आणि पहिल्या सेकंदात किती, हे ती मोजते. एक्स-रे स्वच्छ आला आणि धाप तशीच राहिली, तर सीटी स्कॅनबद्दल विचारा. सुरुवातीचा फायब्रोसिस एक्स-रेत लपू शकतो.

तुमचं उपकरण वाया गेलेलं नाही. पंखा, टीव्ही बंद करा, आईंना तोंडाने खोल श्वास घ्यायला सांगा आणि पाठीच्या खालच्या भागात दोन्ही बाजूंना, थेट त्वचेवर लावून आवाज टिपा. ॲपचा निकाल बाजूला ठेवून ते मूळ आवाज डॉक्टरांना ऐकवा. मात्र बसल्या जागी धाप लागू लागली, वाक्य पुरं बोलता येईना किंवा ओठ निळसर दिसले, तर काहीही टिपत न बसता आईंना लगेच रुग्णालयात न्या.