आईला पहिल्यांदा कॅन्सर सेंटरला नेताना

भावा, गेल्या गेल्या केमो लावतील असं डोक्यात धरून जाऊ नकोस. पहिला दिवस बहुतेक केसपेपर, तपासणी आणि जुने रिपोर्ट दाखवण्यातच जातो. बायोप्सी सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) झाली असो की खासगीत, नुसत्या कागदावर भागत नाही. बायोप्सीत काढलेल्या तुकड्याची काचेची स्लाइड आणि तो तुकडा ठेवलेला मेणाचा ब्लॉकही मागून घे, डॉक्टर परत तपासायला मागतात. रेशनकार्ड, आधार घेऊन महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, आधी गाठ.

प्रत्येक केमोआधी रक्त तपासतात. पांढऱ्या पेशी कमी भरल्या तर तारीख पुढं जाते. लगेच हबकायचं नाही. औषध चढायला कधी तासभर, कधी अख्खा दिवस. सैल बाह्यांचा ब्लाऊज आणि शाल असू दे, एसीत काकडायला होतं.

खरी काळजी घरी आल्यावर. आठवड्या-दीड आठवड्यानं प्रतिकारशक्ती तळाला जाते. तेव्हा ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला तर गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच दवाखाना गाठायचा. गावाकडनं गाडी भरून येणाऱ्या पाहुण्यांना तेवढे दिवस फोनवरच बोलू दे. वाईट दिसलं तर दिसू दे.

तोंड आलं असेल तर तांबडा रस्सा बंद. पांढरा चालेल, ताजा आणि बिनतिखटाचा.